उलाढाल छापता, नफाही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पानावर कोकणातल्या नव्या उद्योजकांच्या कथा येतात, त्या मी नेमाने वाचते. माणसं मुंबई सोडून गावात येतात, घराच्या पडवीला चार खोल्या काढतात, काजूचं युनिट टाकतात, आगळ-आमसुलांना नवी लेबलं लावतात. चांगलंच आहे. माझी तक्रार मथळ्याबद्दल आहे. मथळ्यात एकच आकडा असतो: 'वर्षाला वीस लाखांची उलाढाल'. बाकी सगळ्या लेखात नफा किती, हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो.

मी वेंगुर्ल्यात छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहिते, त्यांची जीएसटीची कामं बघते आणि बँकेला लागणारे प्रकल्प अहवाल करून देते. त्यामुळे तुमच्या रविवारचा परिणाम मला सोमवारी दिसतो. कोणीतरी कात्रण मोबाइलवर घेऊन येतो आणि म्हणतो, असंच एक आपल्याला करायचं आहे. येणारा बहुतेक वेळा हुशार असतो, कष्टाळू असतो, व्यसनी तर नसतोच. त्याला अर्थशास्त्रातल्या तीन-चार साध्या गोष्टी कोणी सांगितलेल्या नसतात, एवढंच. त्या सांगायला पदवी लागत नाही, वही लागते.

वीस लाखांचे काजूगर विकणारा माणूस तोट्यात असू शकतो. त्याने एकोणीस लाखांची बी घेतलेली असू शकते. हे वाचकाला कळतं, पण मथळा वाचताना विसरायला होतं.

आधी प्रकल्प अहवालाबद्दल, कारण हे पाप माझ्याच टेबलावरून जातं. बँकेला पाच-सात वर्षांचा अंदाज लागतो. पहिल्या वर्षी क्षमतेच्या साठ टक्के काम, दुसऱ्या वर्षी सत्तर, तिसऱ्या वर्षी ऐंशी, असे आकडे चढत जातात. कोकणातल्या पावसाला, शिमग्याला, गणपतीत कामगार आठ-दहा दिवस गायब होण्याला त्या तक्त्यात रकाना नसतो. हप्ता फेडूनही पैसे उरतात असं दिसलं तरच कर्ज मंजूर होतं, म्हणून तसं दिसतं. तो कागद बँकेसाठी असतो. अडचण अशी की मालकही पुढे तोच कागद खरा धरून चालतो. मी प्रत्येकाला सांगते की बँकेचा अहवाल मी करते, तुमचा तुम्ही घरी करा, आणि त्यात खोटं लिहू नका, कारण तो कोणाला दाखवायचा नाही.

तो घरचा अहवाल करायला बसलं की पहिली अडचण येते ती 'घरच्या'ची. आपल्याकडे जे घरचं असतं ते हिशेबात शून्य धरतात. जागा घरची, नारळ घरचे, विहिरीचं पाणी घरचं, राबणारी आई घरची, बायको घरची, आणि मालक स्वतः तर घरचाच.

एक उदाहरण देते, माणसं ओळखू येणार नाहीत एवढा बदल करून. किनाऱ्याजवळच्या एका गावातला पस्तिशीचा तरुण मुंबईत खासगी नोकरीत होता. पगार हातात बावीस हजार. भाड्याची खोली आणि प्रवास यांत नऊ हजार जायचे. गावचं घर मोठं, समुद्र चालत दहा मिनिटांवर. त्याला पर्यटकांसाठी तीन खोल्या काढायच्या होत्या. खर्च बारा लाख: चार लाख स्वतःचे साठवलेले आणि आठ लाख कर्ज. दहा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता महिन्याला सुमारे १३,२८० रुपये, वर्षाला १ लाख ५९ हजार.

त्याचा हिशेब असा होता: वर्षात दोनशे दिवस तिन्ही खोल्या भरतील, खोलीला दीड हजार भाडं, म्हणजे नऊ लाख. वीज, साबण, धुलाई धरून दीड लाख जातील, हप्ता जाईल, तरी जवळजवळ सहा लाख उरतील.

आम्ही कॅलेंडर पुढ्यात घेतलं. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, २०२१ साली चिपीचा विमानतळ सुरू झाला, हे सगळं खरं. पण पर्यटक अजून सुट्ट्या बघूनच येतो. दिवाळीचे दहा दिवस, नाताळ ते नववर्ष दहा, मे महिना आणि त्याच्या आगेमागे मिळून पस्तीस, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले शनिवार-रविवार धरून तीस. मिळून पंच्याऐंशी रात्री, तीन खोल्या, म्हणजे २५५. मधल्या दिवसांत चुकार पाहुणे येतील म्हणून तीनशे धरू. एक खोली एक रात्र भाड्याने गेली की ती एक 'खोली-रात्र', असा आम्ही हिशेब ठेवला.

पाहुणा आला तरच होणारा खर्च वेगळा काढायचा. चादरी-टॉवेल धुणं, एसीची वीज, दोघांची न्याहारी, साफसफाईच्या बाईची मजुरी, ऑनलाइन आरक्षण करणाऱ्या कंपनीचं कमिशन. हे सरासरी साडेचारशे रुपये झालं. म्हणजे दीड हजारांतून खोली-रात्रीमागे हातात राहिले १,०५०. तीनशे खोली-रात्रींचे ३ लाख १५ हजार.

मग पाहुणा येवो न येवो, होणारा खर्च. हप्ता १ लाख ५९ हजार. (हिशेबनीस म्हणून सांगायला हवं की हप्त्यातलं मुद्दल हा खरं तर खर्च नव्हे, व्याज तेवढं खर्च, पण मग खोल्यांची झीज धरावी लागते आणि पैसे तर खिशातून जातातच, म्हणून सोपं करून पूर्ण हप्ता धरला.) खाऱ्या वाऱ्याने गंजणारं लोखंड, दर पावसानंतरचा रंग, वाळवी, पंप, इंटरनेट, विम्याचा हप्ता मिळून सत्तर हजार. एकूण २ लाख २९ हजार. तो वजा जाता उरले ८६ हजार. महिन्याला सात हजार.

"नफोच असा मगे," तो म्हणाला. तोटा नाही, एवढं बरोबर होतं. हप्ता आणि दुरुस्ती भागवायला २१९ खोली-रात्री लागत होत्या, त्याच्या तीनशे होणार होत्या. पण मी त्याला विचारलं की त्या मुंबईच्या नोकरीचं काय? भाडं-प्रवास वजा जाता तिथे महिन्याला तेरा हजार सुटत होते, वर्षाला १ लाख ५६ हजार. चार लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर २८ हजार व्याज आलं असतं. हे दोन्ही तो सोडून येणार होता. बेरीज १ लाख ८४ हजार. ती सोडून ८६ हजार मिळवायचे, म्हणजे वर्षाला ९८ हजारांचा तोटा. तो कुठल्याही बँकेच्या कागदावर दिसत नाही आणि आयकर खात्यालाही त्याच्याशी देणंघेणं नाही. अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात: एक वाट धरली की दुसऱ्या वाटेवर जे मिळणार होतं ते सुटतं, ती या वाटेची किंमत.

"काकी, घर माझा, जागा माझी, मगे भाडा कोणाच्या नावान लिवतलास?" असं तो म्हणालाच. त्याच्या घराच्या भाड्यापर्यंत आम्ही अजून पोहोचलोही नव्हतो. तोवर गप्प बसलेली त्याची बायको म्हणाली, "आणि माझो पगार खंय असा?" न्याहारी ती करणार, खोल्यांवर लक्ष तीच ठेवणार, रात्री अकराला उतरलेल्या पाहुण्याला जेवण तीच वाढणार. कागदावर ती नव्हती.

आता इथे वाचकांनी असा अर्थ काढू नये की मी त्याला परत मुंबईला पाठवलं. हिशेब माणसाला 'नको' म्हणत नाही. त्याचे आई-वडील सत्तरी ओलांडलेले, मुलगी शाळेत जायच्या वयाची. मी एवढंच विचारलं की वर्षाला ९८ हजार मोजून घरी राहायचं आहे का? दोघांनी आठवडाभर विचार केला आणि हो म्हणाले, पण तीनऐवजी दोन खोल्या काढल्या, कर्ज निम्म्यावर आणलं आणि त्याने मुंबईच्याच कंपनीचं थोडं काम घरून करायला घेतलं. नफा म्हणून फसवून घेणं वेगळं आणि किंमत ठाऊक असताना ती मोजणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात माणूस तीन वर्षांनी कडू होत नाही.

घरचं फुकट धरण्याचा दुसरा परिणाम शेजाऱ्यावर होतो. बचत गटाच्या बायका कोकमाचं आगळ करतात. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, परसातले, मीठ तेवढं विकतचं, बाटली विकतची. मग दर ठरतो मीठ अधिक बाटली अधिक वर थोडं. परसातली फळं संपेपर्यंत हे चालतं. एका गटाला पुण्याहून मोठी ऑर्डर आली तेव्हा रातांबे विकत घ्यावे लागले आणि बाटलीमागे चाळीसेक रुपये खर्च वाढला. दर मात्र आधीच कबूल केलेला. ऑर्डर जितकी मोठी तितका तोटा मोठा, अशी पाळी आली. दर ठरवताना 'आजची बाटली कितीला पडली' यापेक्षा 'पुढची बाटली कितीला पडेल' हे बघावं लागतं. आणि फुकटच्या रातांब्यांवर ठरवलेल्या दराने बाजारात एकदा पायंडा पडला की शेजारच्या गावात कोणी रीतसर मजुरी देऊन आगळ करू बघत असेल, त्याचा माल महाग ठरतो. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव याच भागातल्या मालाला लावता येतं. त्याचा फायदा नावाला. दर पाडायला आपणच पुरेसे आहोत.

काजूचं गणित आणखी निराळं आहे, आणि माझ्याकडे येणारी सगळ्यात जास्त माणसं काजूसाठी येतात. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, तिथल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती, 'वेंगुर्ला काजू'ला मिळालेलं मानांकन, यामुळे काजू म्हणजे हातचा धंदा असं इथे वाटतं. यंत्रांची किंमत सगळ्यांना पाठ असते. बॉयलर, कटिंग यंत्र, ड्रायर, साल काढायचं यंत्र. आठ-दहा लाखांत बसतं. बीसाठी किती पैसे लागतील हे विचारलं की शांतता.

बी बाजारात येते ती साधारण मार्च ते मे. वर्षभर युनिट चालवायचं तर वर्षाची बी त्या तीन महिन्यांत घेऊन, वाळवून, गोदामात भरावी लागते. दिवसाला शंभर किलो, वर्षाला अडीचशे दिवस काम म्हटलं तर पंचवीस टन बी. किलोला १३० रुपये दर धरा, दर दरवर्षी बदलतो, पण समजायला धरा. साडेबत्तीस लाख रुपये. आठ लाखांच्या यंत्रापुढे साडेबत्तीस लाखांची बी! हे खेळतं भांडवल, म्हणजे माल विकून परत येईपर्यंत अडकून राहणारा पैसा. यंत्राचं कर्ज मिळतं, अनुदान मिळतं, सत्यनारायणाची पूजा होते, आणि दिवाळीच्या सुमारास बी संपून यंत्रं उभी राहतात. हप्ता उभा राहत नाही.

शंभर किलो बीतून बावीस ते पंचवीस किलो गर निघतो. चोवीस धरू. म्हणजे एका किलो गरात ५४२ रुपयांची बी. कटिंग, सोलणं, निवडणं, जळण, वीज, पॅकिंग मिळून किलोला १२० धरले तर ६६२. सगळा गर अख्खा निघत नाही. तुकडा आणि पाकळी (दोन भाग झालेला गर) स्वस्तात जातात, त्यामुळे अख्ख्या गराचा दर सगळ्या मालाला लावून बघायचा नाही. सरासरी ७२० मिळाले समजा. किलोला ५८ सुटले. पण बीत अडकलेल्या पैशावर अकरा टक्क्यांनी सरासरी सहा महिन्यांचं व्याज किलो गरामागे तीस रुपये होतं. उरले २८. सहा हजार किलो गरावर १ लाख ६८ हजार, यातून यंत्राच्या कर्जाचा हप्ता अजून जायचा आहे.

आणि बीचा दर किलोला फक्त दहा रुपयांनी चढला तर? चार किलोहून जास्त बी लागते एका किलो गराला, म्हणजे गराची किंमत ४२ रुपयांनी चढली. २८ रुपयांचा नफा गेला, वर चौदा रुपये घरातून घालायचे. दहा रुपयांचा फरक वेंगुर्ल्याच्या बाजारात एका आठवड्यात होऊ शकतो. तो दरही आपल्या हातात नाही. देशातले कारखाने आफ्रिकेतून आयवरी कोस्ट, बेनिन, टांझानियाकडून बी बोटीने आणतात. ती स्वस्त असली की आपल्या बीचा भाव पडतो, बागायतदार रडतो. ती महाग झाली की छोटा कारखानदार रडतो. ज्या बाजारात दर ठरवणारे आपण नाही, तिथे आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात: खर्च, आणि माल कोणाला विकतो. गर दलालाला घालायचा की भाजून, मीठ लावून, पाव किलोच्या पाकिटात पाहुण्याला विकायचा, हा निर्णय यंत्राच्या रंगरूपापेक्षा महत्त्वाचा आहे. दुसऱ्यांची बी मजुरीवर फोडून देणारा एक जण माझ्या माहितीत आहे. त्याची उलाढाल इतकी कमी दिसते की तुमच्या रविवारच्या पानावर तो कधीच येणार नाही. त्याची बी कधी महाग होत नाही, कारण ती त्याची नसतेच.

अनुदानाबद्दल थोडक्यात. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात महिलांना प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, सर्वसाधारण गटातल्या पुरुषांना २५ टक्के अनुदान आहे. दहा लाखांच्या प्रकल्पाला साडेतीन लाख म्हणजे लहान रक्कम नव्हे. पण ते पैसे तुमच्या हातात येत नाहीत. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहतात आणि युनिट चालू असेल तर कर्जात वळते होतात. त्यामुळे कर्जाचं ओझं हलकं होतं. जो माल तोट्यात विकला जातो तो अनुदानाने फायद्यात जात नाही. बायकोच्या नावाने अर्ज करून दहा टक्के जास्त घेणारे नवरे मला रोज भेटतात. सहीपलीकडे तिला काही विचारलं आहे का, असं मी विचारते. बहुतेकांना प्रश्न आवडत नाही.

दर कमी कधी करावा, हाही एक प्रश्न. वर सांगितलं तेवढं वाचून कोणी म्हणेल की खोलीचा दर कधीच दीड हजाराखाली आणू नये. तसं नाही. जुलैत धो-धो पावसात कोणी आठशे रुपयांत खोली मागतो. एसी लागत नाही, न्याहारी नको म्हणतो. त्याच्यावर होणारा खर्च साडेतीनशे. साडेचारशे रुपये सुटतात, आणि खोली रिकामी ठेवून हप्ता काही माफ होत नाही. त्याला खोली द्यावी. तोच माणूस मे महिन्यात आठशे म्हणाला तर देऊ नये, कारण त्याच्यामागे दीड हजारवाला उभा आहे. ज्याला उभा खर्च (पाहुणा येवो न येवो, होणारा) आणि चालता खर्च (पाहुणा आला तरच होणारा) यांतला फरक कळला त्याला हे सांगावं लागत नाही. ज्याला नाही कळला तो मेमध्ये स्वस्त देतो आणि जुलैत ताठ राहतो. (आमच्याकडे ताठ राहण्याला तोटा नाही.)

बुडालेल्या पैशाबद्दल लोक ऐकून घेत नाहीत, तरी लिहिते. झाराप-पत्रादेवी रस्ता झाल्यावर गोव्याकडे जाणारी वाहनं सावंतवाडीच्या बाहेरून जाऊ लागली. पुढे जिल्ह्यात मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण झालं आणि ठिकठिकाणी जुन्या रस्त्यावरची गर्दी हलली, कणकवलीत ती उड्डाणपुलावर चढली. जुन्या रस्त्याला लागून ज्यांनी हॉटेलं, रसवंत्या, सरबताचे गाळे बांधले होते त्यांचं गिऱ्हाईक एका रात्रीत वरून गेलं. त्यातले काही जण अजून गाळा चालवतात, कारण 'एवढे चार लाख घातले, सोडू कसे'. चार लाख गेले. दुकान चालवलं तरी गेले, बंद केलं तरी गेले. उद्याचा निर्णय घेताना बघायचं ते एवढंच की उद्या दुकान उघडून रोजचा खर्च भागून काही उरतं का. गाळा दुसऱ्याला गोदाम म्हणून भाड्याने देऊन जास्त मिळत असेल तर शटर ओढणं हा शहाणपणा आहे, पराभव नाही. वडिलोपार्जित अभिमान मध्ये येतो हे मला ठाऊक आहे.

आणखी एक. एका वाडीत पहिली घरगुती खानावळ चालली की दोन वर्षांत त्याच रस्त्यावर सहा होतात, सगळ्यांची थाळी तीच, सुरमईचा तुकडा तोच, पाटीवर 'अस्सल मालवणी' तेच. पहिल्याला जो नफा होता तो नव्यांना बोलावून आणतो आणि त्यांच्या येण्यानेच तो संपतो. यात कोणाचं वाईट चिंतलेलं नसतं, बाजार असाच चालतो. म्हणून कात्रण घेऊन येणाऱ्याला मी विचारते, हे छापून आलं तेव्हा तुमच्याआधी किती जणांनी वाचलं असेल? पहिल्याचा आकडा सहाव्याला लागू पडत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असताना हे सहाही जण एकाच बाजारात तेच थोडे मासे शोधतात आणि दर वाढवतात, तो भाग निराळाच.

तुमच्या वार्ताहरांना दोष देण्यासाठी हे लिहिलेलं नाही. मालक स्वतःच उलाढाल सांगतो, कारण ती मोठी दिसते. पण यशोगाथा छापताना त्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात अशी विनंती आहे: मालकाने आणि घरच्यांनी आपल्या कामाचे किती धरले, वर्षातले कुठले महिने रिकामे जातात आणि तेव्हा हप्ता कशातून भरतात, आणि माल उधारीवर किती अडकला आहे. उत्तर द्यायचं नसेल तर 'सांगितले नाही' एवढं छापलं तरी वाचकाला पुरे.

दुसरी विनंती बाजारभावाची. हंगामात आपण वाशीच्या बाजारातले हापूसच्या पेटीचे दर छापता. त्याच चौकटीत मार्च ते मे या काळात वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी आणि दोडामार्ग इथले काजू बीचे दर, आणि वर्षभर अख्खा गर नि तुकडा यांचे वेगवेगळे घाऊक दर द्यावेत. आज नवा माणूस बीचा दर व्यापाऱ्याला विचारतो आणि गराचा दरही त्यालाच विचारतो, म्हणजे घेणाराही तोच आणि सांगणाराही तोच. वेंगुर्ल्याचे दर दर शनिवारी संध्याकाळी दोन-तीन ठिकाणी विचारून कळवायला मी तयार आहे. मानधन नको, चौकट मात्र आतल्या पानात दडपू नये.

आपली,
एक हिशेबनीस, वेंगुर्ले
(नाव व पत्ता संपादकांकडे)